पॅरिसचे सोनेरी घड्याळ: खरेदीपूर्वी पाठीमागून पाहावे

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडवलेली शोभेची घड्याळे संग्रहालयाच्या काचेआड जितकी आहेत, त्याहून कितीतरी अधिक आजही बाजारात आहेत, आणि त्यांतली बरीचशी नीट चालतात. पॅरिसच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या सँ-तुआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी असेच एक घड्याळ घासाघीस करून 400 युरोंच्या आत घेतले. तेव्हापासून ते माझ्या बैठकीच्या खोलीत रोजच्या वापरात आहे. हा अभिप्राय त्या घड्याळाचा आहे, आणि त्याच्या निमित्ताने या जातीच्या सगळ्याच घड्याळांचा आहे. कारण त्यांची बाह्य रूपे शेकडो असली, तरी आतली यंत्रणा जवळजवळ एकच असते.

आधी वस्तूचे वर्णन करतो. उंची साधारण 40 सेंटीमीटर. खाली मुलामा दिलेली ब्राँझची बैठक, तिच्यावर डब्यासारखी गोल पेटी आणि पेटीला टेकून बसलेली, मांडीवर गव्हाची पेंढी घेतलेली कापणी करणारी मुलगी. तबकडी अखंड नसून तेरा तुकड्यांची आहे: मध्ये एक गोल आणि भोवती प्रत्येक तासाच्या आकड्याचा वेगळा, किंचित फुगीर, पांढऱ्या मीनाकारीचा तुकडा. आकडे रोमन असून चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, म्हणजे 1852 ते 1870 या काळात, अशा तबकड्या लोकप्रिय होत्या. एकदा चावी दिली की घड्याळ दोन आठवडे चालते, तासाला तासाइतके आणि अर्ध्या तासाला एक ठोका देते, आणि ठोका छोट्या घंटेवर पडत असल्याने त्याचा नाद स्वच्छ आणि थोडा उंच पट्टीतला आहे. याच घराण्यातल्या नंतरच्या अनेक घड्याळांत घंटेऐवजी गुंडाळलेल्या तारेचा गाँग असतो. त्याचा आवाज खोल असतो, पण मला घंटा अधिक आवडते.

दुकानात अशा घड्याळापुढे उभे राहिले की डोळे त्या मुलीवर आणि सोन्यावर खिळतात, आणि विक्रेताही बोलतो ते तिच्याबद्दलच. माझा सल्ला असा की आधी घड्याळ फिरवून घ्यावे, मागचे गोल झाकण उघडावे, लंबक हाताने बाजूला धरावा आणि आतल्या पितळी पाटीवर विजेरीचा प्रकाश टाकावा. या घड्याळाची खरी जन्मपत्रिका तिथे कोरलेली असते. तबकडीवर नाव असले, तर ते बहुतेक वेळा पॅरिसमधल्या ज्या दुकानाने घड्याळ विकले त्याचे असते. एकोणिसाव्या शतकात ते नाव घडवणाऱ्याचे असण्याची शक्यता कमीच. घडवणारा कोण, हे मागच्या पाटीवरचा शिक्का सांगतो.

माझ्या घड्याळाच्या पाटीवर गोल शिक्का आहे: जापी फ्रेर (म्हणजे जापी बंधू), आणि त्याखाली मोठ्या सन्मानपदकाचा उल्लेख. हे पदक 1855 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातले, म्हणजे घड्याळ त्याआधीचे असू शकत नाही. शिक्क्यातल्या पदकांवरून असा काळ ठरवणे ही या घड्याळांची मोठीच सोय आहे. व्हँसाँती यांच्या यंत्रणांवर 1855 चे रौप्यपदक दिसते, पाँस यांच्या यंत्रणांवर 1827 चे सुवर्णपदक दिसते. शिक्क्यातले साल हे घड्याळाच्या जन्माचे साल नव्हे, ही मात्र नोंद ठेवावी. अनेक विक्रेते ते तसे सांगतात. पदक मिळाल्यावर तो शिक्का पुढे अनेक वर्षे उमटत राहिला, त्यामुळे त्यावरून घड्याळ कोणत्या सालाआधीचे नाही, एवढेच कळते.

शिक्क्याखाली एक क्रमांक असतो आणि बहुधा आणखी दोन छोटे आकडे. माझ्या पाटीवर ते 5 आणि 4 असे आहेत. हे लंबकाच्या लांबीचे माप आहे: पाच पूस (जुना फ्रेंच इंच) आणि चार लीन्य (पूसचा बारावा भाग), म्हणजे साधारण साडेचौदा सेंटीमीटर. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 1840 पासून मीटर-सेंटीमीटर कायद्याने सक्तीचे झाले होते, तरी घड्याळाच्या धंद्यात जुनी मापे त्यानंतरही टिकून राहिली आणि इथे ती पितळेत ठोकलेली दिसतात. खरेदीदाराच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. लंबकाच्या गोळ्याच्या मागच्या बाजूला पाटीवरचाच क्रमांक असला पाहिजे. तो नसेल, तर लंबक दुसऱ्या घड्याळाचा आहे, आणि लंबक चुकीच्या लांबीचा असला की घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटे पुढे किंवा मागे जाते आणि कितीही फिरवाफिरव केली तरी ठिकाणावर येत नाही. बाजारात लंबक हरवलेली घड्याळे पुष्कळ असतात. पाटीवरचे माप वाचता आले, तर योग्य लांबीचा लंबक नव्याने बसवून घेता येतो. फक्त भाव त्या हिशेबाने पाडून घ्यावा.

जापी हे नाव पॅरिसचे नाही. फ्रेडरिक जापी याने 1777 मध्ये फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या बोकूर गावी कारखाना काढला आणि घड्याळाचे कच्चे सुटे भाग यंत्रांवर कापायला सुरुवात केली. 1799 मध्ये त्याने या यंत्रांचे पेटंट घेतले. ज्या काळात प्रत्येक चाक कारागीर हाताने कापत होता, त्या काळात हे मोठे धाडस होते. जापीचे काम आधी खिशातल्या घड्याळांचे होते, मोठ्या घड्याळांच्या यंत्रणा पुढच्या पिढ्यांनी केल्या. दुसरे केंद्र उत्तरेला नॉर्मंडीत, द्येपजवळच्या सँ-निकोला-दालियेरमाँ या गावात. तिथला घड्याळधंदा डबघाईला आला, तेव्हा तो सावरण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ओनोरे पाँस या पॅरिसच्या घड्याळजीला पाठवण्यात आले, आणि त्याने तिथे चाके कापण्याची यंत्रे बसवून गावाचे नशीब पालटले. या दोन टोकांच्या गावांतून कच्च्या यंत्रणा पॅरिसला जात, तिथे त्या घासूनपुसून, जुळवून पुऱ्या केल्या जात, आणि मग ब्राँझकाराने तयार केलेल्या पेटीत बसत. पॅरिसचे घड्याळ म्हणून जगभर गेलेली वस्तू अशी निम्मी पॅरिसबाहेरची असे.

या कामाची वाटणी नवी नव्हती. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घड्याळजी, ओतारी आणि मुलामाकार यांच्या वेगवेगळ्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, होत्या आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, असा दंडक होता. व्हर्सायच्या राजवाड्यात पासमाँ याचे खगोल-घड्याळ आहे, जे 1754 पासून तिथे उभे आहे आणि ज्याची दिनदर्शिका 9999 सालापर्यंत चालू शकते. त्याची गणिते पासमाँने मांडली, यंत्र दोतिओ नावाच्या घड्याळजीने बारा वर्षे खपून घडवले, आणि दोन मीटरहून उंच असलेले त्याचे ब्राँझचे अंग जाक आणि फिलिप काफिएरी या बाप-लेकांनी ओतले. राजाच्या घड्याळामागेही असे तीन वेगळे हात होते. राज्यक्रांतीनंतर 1791 मध्ये या श्रेणी रद्द झाल्या, आणि मग पिएर-फिलिप तोमीर याच्यासारख्या ब्राँझकारांना शेकडो माणसे एका छताखाली आणून मोठे कारखाने चालवता आले. नेपोलियनच्या मुलासाठी 1811 मध्ये केलेल्या पाळण्यात याच तोमीरचा हात होता. माझे घड्याळ त्या दर्जाचे नाही, आणि तसा आव आणणाऱ्या विक्रेत्याकडून ते घेऊही नये. पण त्या कारखान्यांत तयार झालेल्या पद्धतीचेच ते मध्यमवर्गीय घरासाठी केलेले रूप आहे.

आता सोन्याकडे येतो, कारण किंमत त्यावर ठरते आणि फसवणूकही तिथेच होते. चांगल्या घड्याळावरचा मुलामा पाऱ्याचा असतो. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करायचा, तो तारांच्या ब्रशाने ब्राँझवर सारखा पसरायचा आणि मग तुकडा निखाऱ्यांवर धरायचा. पारा वाफ होऊन जातो आणि सोने धातूला घट्ट धरून मागे राहते. नंतर काही भाग मंद, चकाकी नसलेला ठेवतात आणि काही भाग अकीक किंवा रक्ताश्म घासून आरशासारखा करतात. माझ्या घड्याळावरच्या मुलीचा झगा मंद आहे, पण त्याच्या घडीची कड, पायातल्या चपलेचा बंद आणि गव्हाच्या प्रत्येक ओंबीची टोके घासून उजळलेली आहेत. खिडकीतला उजेड सरकत जातो, तशा या उजळ रेघा एकामागून एक दिसू लागतात. ओतकामानंतर छिन्नीने प्रत्येक ओंबीवर बारीक रेघा काढल्या आहेत, त्या भिंगातून पाहाव्यात. साच्यातून आलेली रेघ आणि छिन्नीने काढलेली रेघ यांतला फरक लगेच कळतो, कारण छिन्नीची रेघ कडेला धारदार असते.

ही झळाळी ज्यांच्या हातून आली, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय या घड्याळाचे कौतुक पुरे होत नाही. पाऱ्याची वाफ मुलामाकारांच्या फुप्फुसात जात असे. हात थरथरू लागत, दात हलत, आणि अनेकांचे आयुष्य अकाली संपत असे. आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा नेपोलियनच्या काळातला नामांकित ब्राँझकार 1814 मध्ये वारला, तेव्हा त्याने मृत्युपत्रात 3000 फ्रँक बाजूला ठेवले होते. मुलामाकारांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधील, त्याला ते बक्षीस द्यायचे होते. दार्से या रसायनशास्त्रज्ञाने वाफ धुराड्यातून वर ओढून नेणारी भट्टी तयार केली आणि 1818 मध्ये ते बक्षीस त्याला मिळाले. ज्या धंद्यावर आपण श्रीमंत झालो, त्या धंद्यातल्या कामगारांचे ऋण राव्रिओने असे मानले, आणि त्याच्या घड्याळांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

पुढे 1840 च्या दशकात विजेने मुलामा देण्याची रीत आली. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्ल याने 1842 मध्ये तिचे हक्क घेतले. ही रीत सुरक्षित आणि स्वस्त होती, पण तिचा थर पातळ असतो आणि रंग सगळीकडे एकसारखा, थोडा कोरडा दिसतो. दोन्हींतला फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. विजेच्या रीतीत पूर्ण तुकडा द्रावणात बुडतो, त्यामुळे आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवरही सोने चढते. पाऱ्याच्या रीतीत सोने महाग म्हणून दिसणाऱ्या बाजूलाच लावत, आणि मागच्या बाजूला फक्त कडेवरून ओघळलेले किंवा ब्रशाचे फटकारे दिसतात. माझ्या घड्याळाची बैठक उलटी करून पाहिली, तेव्हा आत उघडे पिवळे धातुकाम आणि कडेला सोन्याची वेडीवाकडी किनार दिसली. या एका खुणेने माझा निर्णय झाला.

याहून मोठा धोका धातूचाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जस्ताच्या मिश्रणाच्या, रेग्युल नावाच्या स्वस्त धातूच्या मूर्ती ओतल्या जाऊ लागल्या आणि त्यांवर सोनेरी किंवा ब्राँझचा रंग चढवला जाऊ लागला. त्याच बाजारात दुसऱ्या एका दुकानात मला शिकारी आणि कुत्रा असलेले मोठे घड्याळ खात्रीचे ब्राँझ म्हणून दाखवले गेले. बैठकीच्या खालच्या बाजूला एका जुन्या ओरखड्यात धातू करडा, शिशासारखा दिसत होता. ब्राँझ असते तर तिथे पिवळे दिसले असते. नखाने टिचकी मारली तर आवाज बद्द आला. किंमत मात्र ब्राँझची होती, आणि शंका विचारल्यावर विक्रेत्याने विषय बदलला. रेग्युल वाईट असते असे माझे म्हणणे नाही. फिलिप मूरे याच्या शिक्क्याची अशा धातूतली घड्याळे देखणी आहेत आणि योग्य किमतीत ती जरूर घ्यावीत. पण रेग्युल ठिसूळ असते, मोडलेला हात किंवा बोट परत जोडणे कठीण जाते, आणि वरचा सोनेरी थर उडाला की खालून करडेपणा डोकावतो. ब्राँझच्या भावात ते घेणे म्हणजे नुकसान.

यंत्रणेच्या बाबतीत मात्र या घड्याळांना मी मनापासून दाद देतो. गोल, जाड पितळी पाट्या, दोन डब्यांत गुंडाळलेल्या दोन कमानी, एक चालण्यासाठी आणि एक ठोक्यांसाठी. इंग्रज घड्याळजी कमानीचा जोर सारखा राहावा म्हणून शंकूवर साखळी गुंडाळण्याची खटपट करीत. फ्रेंचांनी ती टाळली आणि लांब, चांगल्या पोलादाची कमान वापरून यंत्र आटोपशीर ठेवले. त्याची किंमत अशी की चावी दिल्यावर पहिल्या आठवड्यातली चाल आणि दुसऱ्या आठवड्यातली चाल यांत थोडा फरक पडतो. माझे घड्याळ आठवड्याला एक ते दोन मिनिटे इकडेतिकडे जाते. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी चावी दिली, तर हा फरक आणखी कमी होतो, म्हणून चौदा दिवस चालणारे घड्याळ असले तरी मी सातव्या दिवशी चावी देतो.

लंबक टांगण्याची पद्धत हा या यंत्रणेतला सर्वांत सुरेख भाग आहे. जुन्या फ्रेंच घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्यावर लोंबत असे. हवा दमट झाली की दोरा लांबी बदलतो आणि घड्याळाची चाल बिघडते. ब्रोको पितापुत्रांनी 1840 च्या सुमारास याला पोलादी पट्टीचा पर्याय दिला, आणि लंबकाची परिणामी लांबी समोरून, तबकडीवरच्या बारा आकड्याजवळच्या लहान भोकातून चावीने कमीजास्त करण्याची सोयही केली. माझ्या घड्याळावर त्या भोकाच्या दोन बाजूंना ए आणि आर ही, फ्रेंचमध्ये 'पुढे' आणि 'मागे' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, म्हणजे घड्याळ फ्रेंच ग्राहकासाठी होते. इंग्लंडला जाणाऱ्या मालावर तिथे एफ आणि एस (फास्ट आणि स्लो) असते. या ब्रोकोंपैकी मुलगा आशिल याने चाकांच्या दात्यांची गुणोत्तरे काढण्यासाठी 1861 मध्ये अपूर्णांकांची एक पद्धत मांडली, आणि तीच पद्धत आज गणिताचे विद्यार्थी स्टर्न-ब्रोको वृक्ष या नावाने शिकतात. कामाच्या बाकावर बसून दाते मोजणाऱ्या कारागिराचे नाव असे गणितात कायमचे राहिले, याचा मला विशेष आनंद वाटतो. तबकडीच्या मध्यावर लाल दगडाची दोन बोटे डुलताना दिसतात ती उघडी यंत्ररचनाही याच ब्रोकोची. ती असलेली घड्याळे थोडी महाग असतात, आणि ती किंमत रास्त आहे.

ठोक्यांची रचना समजून घेतली नाही, तर नव्या मालकाची चिडचिड होते. मागच्या पाटीवर खाचा पाडलेले एक चाक असते. दोन खाचांमधले अंतर वाढत जाते आणि त्यावर ठोक्यांची संख्या ठरते. बारा तासांत 78 तासांचे आणि 12 अर्ध्या तासांचे, असे 90 ठोके त्या एका चाकावर कोरलेले असतात. पण हे चाक काटे कुठे आहेत ते जाणत नाही. ते फक्त आपला पुढचा आकडा वाजवते. कोणी काटे घाईने फिरवले आणि मधले ठोके पुरे होऊ दिले नाहीत, की घड्याळ तीन वाजता पाच वाजवू लागते. हा बिघाड नव्हे. मागच्या बाजूने खाचेत बसणारी अडसराची तार हलकेच उचलली की घड्याळ पुढचे ठोके देते, आणि काट्यांशी मेळ बसेपर्यंत तसे करत राहावे. अनेक घड्याळे केवळ एवढ्या कारणाने 'बिघडलेली' म्हणून स्वस्तात विकली जातात, आणि जाणकाराला ती संधी असते.

घरी आणल्यावर पहिली तक्रार बहुधा अशी असते की घड्याळ पाच मिनिटे चालून थांबते. अशा वेळी आवाज ऐकावा. टिक आणि टॉक यांतली अंतरे सारखी नसतील, तर यंत्रणा पेटीत किंचित तिरकी बसली आहे. यंत्रणा पुढची आणि मागची कडी जोडणाऱ्या दोन पट्ट्यांनी धरलेली असते. मागचे स्क्रू थोडे सैल करून संपूर्ण यंत्रणा केसभर डावीकडे किंवा उजवीकडे फिरवावी, अंतरे सारखी झाली की स्क्रू पुन्हा आवळावेत. यासाठी घड्याळजीची गरज नाही. त्यापलीकडचे सगळे, विशेषतः कमानीचे डबे उघडणे, जाणकारावरच सोपवावे. गुंडाळलेल्या कमानीत जोर मोठा असतो आणि ती सुटली तर बोटे जखमी होतात. घड्याळ जागेवरून हलवताना लंबक काढून ठेवावा, नाहीतर वर सांगितलेली पोलादी पट्टी मुडपते. भारतात नेताना तर ही गोष्ट मुळीच विसरू नये.

स्वच्छतेबाबत मराठी घरांना एक खास सूचना करावीशी वाटते, कारण आपल्याकडे पितळ दिसले की हात आपोआप चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. समया आणि तांब्यांसाठी ते उत्तम आहे. मुलाम्याच्या ब्राँझवर मात्र कोणतेही घासणे चालत नाही, कारण घासले की जाते ते सोनेच. मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी आणि तेवढ्यावर थांबावे. मागच्या कोणा मालकाने पॉलिश लावून घासलेली घड्याळे बाजारात ओळखू येतात: नाक, गुडघे, कोपर असे उंच भाग पिवळट-तपकिरी झालेले असतात आणि खोलगट भागात पांढरी पूड साठलेली असते. माझ्या घड्याळावरच्या मुलीचा उजवा गुडघा थोडा असा झाला आहे. ती या घड्याळातली दिसणारी सर्वांत मोठी उणीव.

दुसरी उणीव तबकडीत आहे. चावी निसटून चावीच्या भोकाजवळ मीनाकारीचा लहान टवका उडाला आहे. तांब्याच्या पत्र्यावर काच भाजून केलेल्या या कामाची दुरुस्ती पुन्हा भट्टीत घालून करता येत नाही. रंग भरून टवका झाकता येतो, एवढेच. म्हणून खरेदीच्या वेळी तबकडीवरून विजेरी तिरकी धरून फिरवावी, म्हणजे केसासारख्या भेगा आणि भरलेले टवके दिसतात. तेरा तुकड्यांच्या तबकडीत एखादा तुकडा नंतर बदललेला असला, तर त्याचा पांढरा रंग बाकीच्यांपेक्षा निळसर किंवा पिवळसर दिसतो.

याशिवाय अशा घड्याळांवर मुळात काचेचा उंच घुमट असे आणि खाली काळ्या लाकडाची बैठक. माझ्या घड्याळाचा घुमट कुठेतरी फुटून गेला आहे. घुमटासह मिळणारे घड्याळ महाग असते, पण त्याचा मुलामा बहुधा अधिक शाबूत असतो, कारण धूळ आणि धुणारे हात दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसतात. परवडत असेल, तर घुमटासह घ्यावे.

मूर्ती आणि सोने यांची हौस नसेल, पण यंत्रणा हवी असेल, तर बेल्जियमच्या काळ्या दगडाच्या पेटीतली घड्याळे पाहावीत. आतली यंत्रणा तीच, त्याच कारखान्यांची, अनेकदा ब्रोकोच्या उघड्या रचनेसह. वजन फार आणि रूप गंभीर असल्याने त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून किंमतही कमी. यंत्रणेपुरता हिशेब केला, तर या बाजारात एवढ्या पैशांत यापेक्षा चांगले काही मिळत नाही. प्रवासासाठी केलेली काचेच्या पेटीतली, मुठीची छोटी घड्याळे लंबकाशिवाय चालतात आणि नेण्या-आणण्याला सोपी असतात, परंतु त्यांची दुरुस्ती नाजूक आणि खर्चिक असते. ज्या घड्याळात मूळ यंत्रणा काढून बॅटरीवरचे यंत्र बसवले आहे, ते मात्र कितीही सुंदर असो, घेऊ नये. चावीची भोके बुजवलेली किंवा नुसती शोभेला ठेवलेली दिसली की मागचे झाकण उघडून खात्री करावी.

खरेदीपूर्वी हाताशी वेळ असेल, तर बोकूरला जापीच्या जुन्या कारखान्यातले संग्रहालय आणि सँ-निकोला-दालियेरमाँचे घड्याळ संग्रहालय पाहावे. व्हर्साय पाहून घड्याळांचे वैभव कळते. ही दोन गावे पाहिली की मागच्या पाटीवरचे शिक्के वाचता येऊ लागतात, आणि खरेदीदाराला त्याचाच उपयोग अधिक होतो.

राहिला प्रश्न रात्रीच्या ठोक्यांचा, कारण घरात झोप सावध असलेली माणसे असली की तो हमखास निघतो. तबकडीवरचे उजवे भोक बहुधा चालण्याचे आणि डावे ठोक्यांचे असते. मागे खाचांचे चाक असलेल्या घड्याळात डाव्या भोकाला चावी दिलीच नाही, तरी घड्याळ निमूट चालत राहते. नंतरच्या काळातल्या, खाचांच्या चाकाऐवजी दातेरी पट्टीवर ठोके मोजणाऱ्या घड्याळांत मात्र तसे करू नये. बारानंतर एकाच्या सुमारास ती पट्टी अडकून घड्याळ थांबू शकते.